सही तेवढी त्याची

बेब रूथ चेंडू डाव्या हाताने फेकायचा आणि सही उजव्या हाताने करायचा. बाल्टिमोरच्या ज्या सुधारशाळेत तो वाढला, तिथे डावऱ्या पोरांनाही उजव्या हातानेच लिहायला लावत. जग त्याला ७१४ होमरन मारणारा बॅटर म्हणून ओळखतं. पण त्याची सुरुवात पिचर म्हणून झाली आणि बोस्टनसाठी त्याने ८९ सामने जिंकले ते डाव्या हाताच्या जोरावर. १९२८ साली पुटनम प्रकाशनाने त्याचं पुस्तक काढलं, आठवणी आणि खेळाचे धडे यांची सरमिसळ असलेलं. त्याच्या एक हजार प्रतींची वेगळी आवृत्ती छापली आणि प्रत्येक प्रतीवर रूथची सही घेतली. म्हणजे पिचिंगचा हात त्या सह्यांत नाहीच. आतल्या मजकुरात तर त्याचा कुठलाच हात नाही. तो लिहिला फोर्ड फ्रिक नावाच्या वार्ताहराने.

हे मला सांगितलं माझ्या भाच्याने, न्यू जर्सीत, बहिणीच्या स्वयंपाकघरात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘जपून ठेवलेलं’ असा विषय दिला होता. मी नाणी, तिकिटं, जुन्या दौती असल्या नेहमीच्या वाटा धुंडाळत होते. भाचा म्हणाला, “मावशी, पिचरांची सही केलेली आत्मचरित्रं जमवणारी माणसं आहेत इथे. फक्त पिचरांची. चल, दाखवतो.”

पिचर म्हणजे आपला बोलर असं म्हणून काम भागतं, पण पुरतं नाही. त्याला रन-अप नाही, टप्पा नाही. मातीच्या उंचवट्यावर उभं राहून ६० फूट ६ इंचांवर चेंडू टाकायचा. सामना जिंकला की हरला याची नोंद संघाच्या नावावर होते तशी एका पिचरच्या नावावरही होते. १९६८ मध्ये सेंट लुइसच्या बॉब गिब्सनने इतकी कमी रन दिली (नऊ इनिंगमागे सरासरी १.१२) की पुढच्या हंगामापासून तो उंचवटाच १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. आणि हा माणूस रोज खेळत नाही. सुरुवातीचा पिचर चार-पाच दिवसांतून एकदा मैदानात उतरतो, बाकीचे दिवस बाकावर बसून बघतो. पिचरांची आत्मचरित्रं बॅटरांपेक्षा वाचनीय का असतात, याचं उत्तर मला त्या बाकावर सापडलं. भाच्याला ते पटलेलं नाही.

मेन स्ट्रीटवरची टेबलं

कूपर्सटाउन न्यूयॉर्क शहरापासून मोटारीने चारेक तासांवर. तळ्याकाठचं, दोन हजारांच्या आतल्या वस्तीचं गाव. बेसबॉलचं हॉल ऑफ फेम १९३९ पासून इथे आहे आणि जुलैच्या अखेरीस नव्या मानकऱ्यांचा सोहळा असतो, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो त्या २०२५ च्या सोहळ्यात पिचरांपैकी सी. सी. सबाथिया आणि बिली वॅग्नर होते, पण गर्दीचा मोठा भाग जपानच्या इचिरोसाठी आलेला.

या दिवसांत मेन स्ट्रीटवरची दुकानं पुढच्या भागात टेबलं मांडतात. आधीच्या वर्षांचे मानकरी, आता सत्तरी-ऐंशीतले, तिथे येऊन बसतात. दारावर दरपत्रक. चेंडूवर सही अमुक, बॅटवर तमुक, सहीखाली हॉलमध्ये निवड झाल्याचं साल लिहून हवं असेल तर वेगळे पैसे. आधी तिकीट काढायचं, मग रांग. बहुतेकांच्या हातात चेंडू, टोपी, जर्सी, नाहीतर हॉलमधल्या धातूच्या फलकाचं चित्र असलेलं पिवळं पोस्टकार्ड. पुस्तकवाला रांगेत लगेच ओळखू येतो. आमच्या पुढच्या गृहस्थाचं पुस्तक झिपच्या पिशवीत होतं, हव्या त्या पानावर चिठ्ठी, आणि पेन स्वतःचं. टेबलावरच्या मार्करची शाई पुस्तकाच्या कागदातून पलीकडे उतरते, म्हणून ही मंडळी बारीक टोकाचं पेन बरोबर बाळगतात. टेबलाजवळच्या मदतनीस मुलीने सवयीने मुखपृष्ठच पुढे केलं, तर हा जवळजवळ ओरडलाच, “आत, आत! चिठ्ठीच्या पानावर!”

म्हाताऱ्या पिचरने सही केली. बोटांची पेरं सुजलेली, पेन चिमटीऐवजी मुठीत धरल्यासारखं. चेंडूवाल्यांच्या वेळी तो मान वर करून हसत होता आणि पुढचा चेंडू घेत होता. इथे मात्र त्याने पुस्तक परत दिलंच नाही. मधली फोटोंची पानं उलटली, एका फोटोवर बोट ठेवलं आणि त्या मुलीला काहीतरी सांगू लागला. रांग थांबली. मागून कोणीतरी घसा खाकरला. पुस्तकवाला शाई वाळायची वाट बघत उभा, त्याला काहीच घाई नव्हती.

भाच्याच्या हातात सबाथियाचं २०२१ मधलं पुस्तक होतं. २०१५ च्या हंगामाच्या शेवटी, ऐन बाद फेरीच्या तोंडावर, तो दारू सोडवण्यासाठी उपचारांना दाखल झाला, त्याची ही हकिगत. पण नव्या मानकऱ्याला त्या दिवसांत उसंत कुठली? पुस्तक कोरंच परत आलं.

शब्दांकन

सही करणाऱ्याने पुस्तक लिहिलेलं नसतं, हे संग्राहकांना पक्कं ठाऊक असतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. उलट ते म्हणतात, अडीचशे-तीनशे पानांत त्या माणसाच्या हातची एकच ओळ आहे, म्हणून तर ती हवी.

सुरुवातीचं ठळक नाव ख्रिस्टी मॅथ्यूसनचं. ३७३ सामने जिंकलेला, कॉलेजात शिकलेला, देखणा पिचर. १९१२ मध्ये आलेलं त्याचं ‘पिचिंग इन अ पिंच’ प्रत्यक्षात जॉन व्हीलर या पत्रकाराने लिहिलं. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना मॅथ्यूसनच्या छातीत विषारी वायू गेला. पुढे क्षयाने धरलं आणि १९२५ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. पुस्तक आणि मृत्यू यांत तेरा वर्षं, त्यातली शेवटची आजारपणाची. त्याच्या सहीची प्रत म्हणजे संग्राहकाने आयुष्यभर फक्त ऐकायची गोष्ट.

फ्रिकचं पुढे काय झालं ते तर मासलेवाईक आहे. रूथसाठी लेखणी झिजवणारा हा वार्ताहर नॅशनल लीगचा अध्यक्ष झाला, हॉल ऑफ फेम उभं करण्यात त्याचा मोठा हात होता, मग तो सगळ्या बेसबॉलचा कमिशनर झाला आणि १९७० मध्ये त्याच हॉलमध्ये त्याचाही फलक लागला. पडद्याआडून दुसऱ्याचं आत्मचरित्र लिहिणाऱ्याला इतकी बढती मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

फिल पेपी हे नाव हॉलच्या भिंतीवर नाही, पण संग्राहकांच्या कपाटात आहे. १९६८ मधलं बॉब गिब्सनचं ‘फ्रॉम घेटो टु ग्लोरी’ त्याने शब्दबद्ध केलं आणि १९८७ मधलं व्हाइटी फोर्डचं ‘स्लिक’ही त्यानेच. एक ओमाहाच्या गरीब वस्तीतला, वर्णद्वेषाचे चटके सोसलेला. दुसरा न्यूयॉर्कचा गोरा, मिश्कील, रात्री जागवणारा. दोघांचा ‘मी’ एकाच टाइपरायटरवर घडला. गिब्सनला पुढे सगळं पुन्हा सांगावंसं वाटलं. १९९४ मध्ये दुसऱ्या लेखकाला घेऊन त्याने ‘स्ट्रेंजर टु द गेम’ काढलं. पहिल्या पुस्तकात राखलेली भीड या दुसऱ्यात नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की तोच माणूस, तेच प्रसंग, आवाज मात्र वेगळा. मला दुसरा आवाज खरा वाटला, पण कोण जाणे, ते दुसऱ्या लेखकाचं कसबही असेल.

फोर्डने १९६१ मध्ये वर्ल्ड सिरीजमध्ये सलग रन न देण्याचा रूथचा विक्रम मोडला होता, रूथ पिचर असतानाचा. २०२० च्या ऑक्टोबरात गिब्सन आणि फोर्ड एकाच आठवड्यात गेले. ऑगस्टअखेर टॉम सीव्हर गेला होता, डिसेंबरात फिल निक्रो गेला. पेपी २०१५ मध्येच गेलेला. पिचर आणि शब्दांकनकार अशा दोघांच्याही सह्या असलेल्या प्रती तेव्हापासून कपाटातून बाहेर पडेनाशा झाल्या.

पोस्टमनचं तळघर

भाच्याच्या ओळखीचे एक निवृत्त पोस्टमन आहेत. नाव छापू नका म्हणाले, तळघराचा पत्ता तर मुळीच नको. खाली उतरल्यावर आधी जाणवते ती कोरडी हवा. दमट हवा शोषणारं यंत्र दिवसरात्र चालू असतं. फडताळं दोन. डावऱ्या पिचरांची पुस्तकं डाव्या भिंतीला, उजव्यांची उजव्या. रूथ कुठे, असं मी विचारलं. ते हसले, “रूथ परवडत असता तर तळघरात राहिलो असतो का मी?”

त्यांची बहुतेक पुस्तकं टपालाने आली. पद्धत जुनी आणि साधी आहे. पुस्तक, एक हाताने लिहिलेलं पत्र आणि परतीचा पत्ता घालून, तिकिटं लावलेलं पाकीट, सगळं एका पुड्यात भरून पिचरच्या घरी पाठवायचं. पत्र छापील नको, लांब नको, आणि त्यात त्याच्या एखाद्या अशा सामन्याचा उल्लेख हवा जो सगळ्यांना आठवत नाही. कधी आठवड्यात परत येतं, कधी तीन वर्षांनी, कधी येतच नाही. “माझ्यासारख्या कुणीतरी वाटेत हरवलं असेल,” पोस्टमन म्हणाले.

या छंदाचं खरं गणित आहे मुदतीचं. पुस्तक कधी आलं आणि माणूस कधी गेला, यांच्यामधल्या काळातच सही होऊ शकते. रूथचं दुसरं पुस्तक, बॉब कॉन्सिडाइनने लिहिलेलं ‘द बेब रूथ स्टोरी’, १९४८ मध्ये आलं आणि त्याच वर्षी १६ ऑगस्टला तो कॅन्सरने गेला. मुदत काही महिन्यांची. डॉन ड्रिस्डेलचं पुस्तक १९९० चं, आणि तो १९९३ च्या जुलैत मॉन्ट्रियलच्या हॉटेलात हृदयविकाराने गेला. कॅटफिश हंटरला अकरा वर्षं मिळाली, पण शेवटी हातांतली ताकदच घेऊन जाणारा एएलएसचा आजार झाला; त्या सह्यांबद्दल पोस्टमन बोलायला नाखूश दिसले. याच्या दुसऱ्या टोकाला बॉब फेलर. आयोवाच्या शेतातला पोरगा, पर्ल हार्बरनंतर लगोलग नौदलात दाखल झालेला, ऐन उमेदीची जवळजवळ चार वर्षं युद्धात घालवलेला. त्याचं ‘स्ट्राइकआउट स्टोरी’ १९४७ चं आणि तो गेला २०१० मध्ये. त्रेसष्ट वर्षं हा माणूस भेटेल तिथे, मिळेल त्यावर सही करत राहिला. फेलरची सही नसलेली प्रतच दुर्मीळ, असं संग्राहक म्हणतात. पोस्टमनकडे फेलरच्या प्रती किती आहेत ते त्यांनी मोजलेलं नाही.

सॅचेल पेज मात्र त्यांनी स्वतः काढून दाखवला, हात पुसून. काळ्यांना गोऱ्यांच्या लीगमध्ये मज्जाव होता, त्या काळात या पिचरची उमेद सरली. क्लीव्हलंडने त्याला घेतलं १९४८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, आणि त्याच वर्षी ‘पिचिन मॅन’ नावाची पातळशी पुस्तिका निघाली. १९६२ मध्ये आलं ‘मेबी आय विल पिच फॉरेव्हर’. नाव फुशारकीचं वाटतं, पण १९६५ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, कॅन्सस सिटीसाठी तो खरोखरच पुन्हा मैदानात उतरला आणि तीन इनिंगमध्ये एकही रन दिली नाही. प्रत १९६२ च्या पुस्तकाची. जॅकेटचा कणा उन्हाने उडालेला, पानं कडेने तपकिरी, आणि कोऱ्या पानावर निळ्या बॉलपेनची मोठी, ऐसपैस सही, ‘पेज’मधलं पहिलं अक्षर बाकीच्यांच्या दुप्पट.

जाता जाता त्यांनी मला कानमंत्रही दिले. जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत छापलेली नसेल तर ती बहुधा बुक क्लबची स्वस्त आवृत्ती. कोणा तिऱ्हाइताला उद्देशून लिहिलेल्या सहीचा भाव उतरतो, पण तो तिऱ्हाईत जर त्याच संघाचा कॅचर निघाला तर दसपट चढतो. आणि हल्लीच्या ‘सही केलेल्या’ नव्या पुस्तकांवर त्यांचा राग आहे. प्रकाशक सुट्या पानांचा गठ्ठा पिचरच्या घरी पाठवतो, तो टीव्ही बघत बघत सह्या करतो, मग ती पानं पुस्तकात बांधतात. “त्याने सही केली तेव्हा पुस्तक जन्मालाच आलं नव्हतं. याला काय अर्थ आहे?”

मदर तेरेसांचा चेंडू

जिथे सहीला पैसे, तिथे खोटी सहीही. १९९० च्या दशकात सॅन डिएगोचा बॅटर टोनी ग्विन याला आपल्याच क्लबच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाचा तपास चालवला आणि १९९९ च्या ऑक्टोबरात छापे घातले. दक्षिण कॅलिफोर्नियातली एक टोळी रूथपासून सगळ्यांच्या सह्या घाऊक भावात पाडत होती. हाती लागलेल्या मालात मदर तेरेसांची सही केलेले बेसबॉलही होते. ज्या बाईने कोलकात्यात आयुष्य घालवलं, तिने या चेंडूंवर सही कधी केली असेल, हा प्रश्न ते विकत घेणाऱ्याला पडला नाही, याचं मला जास्त नवल वाटतं.

या प्रकरणानंतर २००१ पासून मेजर लीगने स्वतःची खात्रीयंत्रणा सुरू केली. अधिकृत साक्षीदार समोर असेल तरच होलोग्रामचं स्टिकर. जुन्या सह्यांसाठी खासगी कंपन्या आहेत. ओळखीच्या खऱ्या सह्यांशी ताडून बघून त्या दाखला देतात. खोटी सही बहुधा हळू केलेली असते. अक्षरांचं वळण बरोबर असतं, पण वेग नसतो. रेघ कापते, पेन नको तिथे उचललेलं दिसतं. पोस्टमनांचं पहिलं हत्यार मात्र पेनाचं पंचांग आहे. अमेरिकेत बॉलपेन बाजारात आलं १९४५ च्या ऑक्टोबरात, शार्पी मार्कर १९६४ मध्ये. बॉलपेनने केलेली मॅथ्यूसनची सही समोर आली तर दुकानदाराला रामराम करून बाहेर पडायचं.

पुस्तकांवर भामट्यांचा डोळा कमी, कारण चेंडूचे पैसे जास्त येतात. पुस्तकांना भीती वेगळ्या प्रकारची आहे. काही विक्रेते स्वस्तातलं सही केलेलं पुस्तक घेतात, सहीचा तुकडा कात्रीने कापतात, खेळाडूच्या फोटोखाली चिकटवून फ्रेम करतात आणि चौपट भावाने विकतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानात पहिल्या पानाला खिडकी पडलेली पुस्तकं मी स्वतः पाहिली.

बाकी खरं-खोटं म्हणाल तर अख्खं कूपर्सटाउन एका भाकडकथेवर उभं आहे. ॲबनर डबलडे याने १८३९ मध्ये इथे बेसबॉलचा शोध लावला, या समजुतीवर हॉल या गावाला मिळालं. डबलडे त्या साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत शिकत होता. इतिहासकारांनी ही कथा केव्हाच निकालात काढली. गावातल्या मैदानाचं नाव अजून डबलडे फील्ड आहे.

थुंकीची कबुली

काही पुस्तकांत सहीपेक्षा मजकूर महाग असतो. १९२० मध्ये चेंडूला थुंकी लावायला बंदी आली. १९७४ मध्ये गेलॉर्ड पेरीने ‘मी अँड द स्पिटर’ हे पुस्तक काढून आपण थुंकी, व्हॅसलीन काय काय लावत होतो ते सांगून टाकलं, आणि तेही खेळत असताना! यापुढे सोडलं, असंही सांगितलं. पंच त्याची टोपी, मान, पट्टा चाचपत राहिले. तो फलंदाजांना दाखवून दाखवून कपाळाला हात लावत राहिला. या कारणावरून त्याला मैदानाबाहेर काढलं ते १९८२ मध्ये, एकदाच. ३१४ विजय, १९९१ मध्ये हॉलमध्ये निवड. त्याच्या पुस्तकावरची सही फिसकटलेली असेल तर विक्रेते तिचेही जास्त पैसे सांगतात, आणि विनोद म्हणून काही जण देतातही.

जिम बाउटन तर हॉलच्या जवळपासही नाही. पण १९७० मधलं ‘बॉल फोर’ वगळून हा संग्रह होत नाही. १९६३ मध्ये यांकीजसाठी २१ सामने जिंकलेल्या या पिचरचा हात दुखावला आणि सिॲटलच्या नवख्या संघात तो नकलबॉलवर, म्हणजे जवळजवळ न फिरवता सोडलेल्या चेंडूवर, तग धरून होता. त्या वर्षाची त्याने डायरी ठेवली. खेळाडूंचं पिणं, उत्तेजक गोळ्या, बायकांच्या मागे लागणं, पगारासाठी मालकांपुढे हात पसरणं, सगळं नावानिशी. कमिशनर बोवी कून याने त्याला बोलावून घेतलं, हे खोटं आहे असं लिहून दे म्हणाला. बाउटनने दिलं नाही. पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने शतकातल्या पुस्तकांची यादी केली, तीत खेळावरचं हे एकच पुस्तक होतं. या सगळ्यांत वाचण्यासाठी एकच उचला म्हणाल तर मी हेच उचलेन. इथे मजकूरही त्याचाच आहे. डायरी आणि टेपवर केलेल्या नोंदी त्याच्या, संपादन तेवढं लेनर्ड शेक्टरचं.

कामाठीपुऱ्याचा धागा

पोस्टमनांनी शेवटी उजव्या भिंतीवरून एक पुस्तक काढलं. “हे तुमच्या गावचं,” म्हणाले. आर. ए. डिकीचं २०१२ मधलं ‘व्हेअरएव्हर आय वाइंड अप’. १९९६ मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला ८ लाख १० हजार डॉलर देऊ केले होते. मग तपासणीत कळलं की उजव्या कोपरातला एक अस्थिबंध याला मुळातच नाही. रक्कम ७५ हजारांवर आली. वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये धक्के खात तो नकलबॉल शिकला. हा चेंडू जवळजवळ न फिरवता सोडतात, मग तो हवेत कुठे वळेल ते टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. २०१२ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला मिळाला. लहानपणी आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले, हे त्याने या पुस्तकात पहिल्यांदा जाहीरपणे सांगितलं.

त्याच वर्षी जानेवारीत तो किलिमांजारो चढून आला. दुखापत झाली तर करार रद्द करू, असं त्याच्या तेव्हाच्या क्लबने बजावलं होतं तरी गेला. निधी जमवायचा होता तो ‘बॉम्बे टीन चॅलेंज’साठी, मुंबईत देहविक्रीच्या जाळ्यातून मुली-बायकांची सुटका करणाऱ्या संस्थेसाठी. जमलेल्या पैशांतून कामाठीपुऱ्यात जुन्या कुंटणखान्याच्या जागी दवाखाना झाला. पुढच्या जानेवारीत डिकी आपल्या दोन मुलींना घेऊन तो बघायला मुंबईत आला होता.

डिकी हॉलमध्ये नाही, त्यामुळे त्याच्या सहीला फारसा भाव नाही. पोस्टमनांकडे दोन प्रती होत्या. एक मागितली तर पैसे नको म्हणाले, बदल्यात हिंदुस्थानातल्या बोलरचं सही केलेलं आत्मचरित्र हवं. मी त्यांना पद्माकर शिवलकरांबद्दल सांगितलं. डावखुरा फिरकीवाला, प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि कसोटी एकही नाही. आत्मचरित्र मराठीत आहे, आणि ते २०२५ च्या मार्चमध्येच गेले.

“म्हणजे मुदत संपली,” पोस्टमन म्हणाले. मग डाव्या भिंतीकडे बघत विचारलं, “दादरला जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत ना? तुमचा भाचा सांगत होता.”

आहेत, म्हटलं. डिकीची प्रत त्यांनी तोवर कागदात गुंडाळायला घेतली होती.